तायडे हवालदारांची वही

बंदूक समोर ठेवली की तायडे हवालदार आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा नळीखाली नेऊन तिथे कोरलेला नंबर चाचपायचे आणि एकेक आकडा हळू आवाजात म्हणायचे. शेवटचा आकडा झाला की डोळे उघडून विचारायचे, "हे कोनाचं?" घोडा अडतो का, स्प्रिंग गेली का, हे सगळं त्यानंतर. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, हा माणूस लोकांसमोर नाटक करतो आहे. मी स्वतः लिलावात पुष्कळ नाटकं केलेली असल्यामुळे मला तसं वाटणं साहजिक होतं.

मी मूळचा अकोटचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली राबायचे. मोडीत निघालेल्या यंत्रांचे सुटे भाग लिलावात घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, इथून माझी सुरुवात झाली. मग लेथ घेतला, मग अकोल्यात गाळा घेतला आणि पुढे बंदुकांच्या दुरुस्तीचा आणि विक्रीचा परवाना मिळवला. आमच्याकडे रानडुकरं उभी ज्वारी आडवी करतात, त्यामुळे ठासणीच्या बंदुकीला गिऱ्हाईक कायम. मला कोणी काही फुकट दिलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

आमचा प्रांत मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागे अमरावतीच्या पोलीस मुख्यालयात जुन्या हत्यारांचा लिलाव झाला. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांचा माल एकत्र होता. मैदानात ताडपत्रीवर बंदुका मांडलेल्या, आणि शेजारी उभा एक काळासावळा, किडकिडीत हवालदार. तेच तायडे. मुख्यालयाचे आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे. माझी नजर एका विलायती सहाबारी रिव्हॉल्वरवर होती. माल आवडला की त्याला नावं ठेवायची, हा माझा नेहमीचा रिवाज. मी रिव्हॉल्वर उन्हाकडे धरून एक डोळा मिटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नळीत खड्डेच खड्डे आहेत. हे तर कागदावर ठेवायच्या कामाचं."

तायडे म्हणाले, "शेट, नळी सकाळीच साफ केली मी. खड्डे तिच्यात नाईत. उलटं धरून राहिले तुमी. तसं धरलं तं तुमाले तुमचाच डोया दिसन."

सगळे हसले. माझ्याशी चढाओढ करणारा नागपूरचा व्यापारी सगळ्यांत जोरात हसला आणि त्यानं बोली वाढवली. तो ढीग मी घेतला, पण मला पाहिजे त्या भावात नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या हवालदाराला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

चार महिन्यांनी त्याच्याच दाराशी जावं लागलं. एका दुनळीचा घोडा कधी पडायचा, कधी पडायचा नाही, आणि अकोल्यात कोणाला उमगेना. तायडेंनी डोळे मिटून नंबर चाचपला, बंदूक परत माझ्यासमोर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"उघडा," म्हणाले.

"तुम्ही उघडा ना. तुमच्याकडेच तर आणली."

"माहे हात सरकारी आहेत, शेट. नंबर पाहनं पोलिसाचं काम, म्हनून अंगठा लावला. दुरुस्त करनं तुमचं काम. तोंड मात्र माहं सोताचं आहे. ते चालवतो."

आणि त्यांनी ते चालवलं. तासभर मी स्क्रू काढत होतो आणि ते वरून बोलत होते. "अबे बाप्पा, खिया ठोकून राहिले का? हळू." "तो नका फिरवू, त्यानं तुमचं काय बिघडवलं?" काढलेले स्क्रू मी वाटीत टाकले तेव्हा मात्र ते खरोखर चिडले. त्यांनी एक पांढरं फडकं पसरलं आणि प्रत्येक स्क्रू बंदुकीत जिथे होता तिथेच फडक्यावर मांडायला लावला. स्क्रू मांडून झाले तेव्हा फडक्यावर बंदुकीचा आकार उमटला होता. "ज्या भोकाचा स्क्रू त्याच भोकात जाते," ते म्हणाले. "दुसऱ्या भोकातबी बसते तो. पन तो दुसऱ्याचा असते, हे बंदुकीले माहीत राह्यते."

त्यानंतर चारेक वर्षं मी दर दोन महिन्यांनी अमरावतीला जात राहिलो. कामाच्या बदल्यात त्यांनी काही घेतलं नाही. चहा एकदा माझा, एकदा त्यांचा, आणि कोणाची पाळी आहे ते त्यांच्या पक्कं लक्षात असायचं. मी गिऱ्हाइकाचं नाव सांगू लागलो की थांबवायचे. "नाव नका सांगू, नंबर सांगा. एकाच नावाचे चार जन भेटतात."

हत्यारांचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. मी लिलावात घेतलेल्या त्या रिव्हॉल्वरबद्दल एकदा विचारलं, तर एखाद्या सोयऱ्याबद्दल सांगावं तसं सांगू लागले. विलायतेहून पेटीत आलं. आधी नागपूर, मग अकोला, मग अमरावती. एका गोऱ्या साहेबाच्या कमरेला नऊ वर्षं राहिलं. "पन्नास वर्षांत तीन डाव उडालं. दोनदा निशाणीवर, एकदा पिसाळलेल्या कुत्र्यावर. कुत्रं वाचलं." त्याच्या रजिस्टरची पहिली पानं इंग्रजीत, मधली हिंदीत आणि शेवटची मराठीत होती, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, "म्हणजे ते कपाटातून हललं नाही, तरी तीन राज्यं फिरून आलं." हे त्यांना फार आवडलं. पुढे कोणालाही ते हे वाक्य माझं नाव घेऊन ऐकवत.

त्या रिव्हॉल्वरच्या इतिहासातला एक तुकडा मात्र त्यांनी मला सांगितला नव्हता, आणि त्याच तुकड्यानं माझं दुकान बंद पाडलं.

रिव्हॉल्वर मी चांदूर बाजारच्या एका देशमुखांना विकलं होतं. त्यांच्याकडे परवाना, माझ्याकडे पावती, सगळं रीतसर. महाराष्ट्र झाल्यानंतर वर्षभरात परवान्यांची तपासणी निघाली आणि एका नव्या, उत्साही अधिकाऱ्यानं मुठीचं लाकूड काढून पाहिलं. अशा रिव्हॉल्वरवर नंबर दोन ठिकाणी असतो. एक नळीखाली आणि एक मुठीच्या लाकडाआड, सांगाड्यावर. दोन्ही सारखे असायला हवेत. इथे नळीवरच्या नंबराच्या शेवटी एकतीस होतं आणि सांगाड्यावरच्या शेवटी अठ्ठेचाळीस. मला विकलं गेलं ते एकतीस. अठ्ठेचाळीसबद्दल, अकोल्याहून मुख्यालयात आलेल्या जुन्या रजिस्टरात लिहिलं होतं, 'पंचांसमक्ष मोडून नष्ट.' सही, शिक्का, सगळं होतं.

आता अधिकाऱ्याचा हिशेब असा : नष्ट केलेलं पोलिसांचं रिव्हॉल्वर देशमुखांच्या कपाटात कसं आलं? ज्यानं विकलं त्यानं आणलं. विकणारा कोण? मुख्यालयाचं भंगार लिलावात घेणारा, घरी लेथ असलेला, बंदुका जुळवता येणारा माणूस. म्हणजे मी. कोणाचा तरी हात ओला करून मोडीचे तुकडे बाहेर काढले आणि त्यांचं हत्यार बनवून विकलं, असा संशय माझ्यावर आला. परवाना स्थगित झाला, दुकानाला सील लागलं. दुरुस्तीला आलेल्या शेतकऱ्यांच्या अकरा बंदुका आत अडकल्या, आणि त्या हंगामात ज्यांची ज्वारी डुकरांनी खाल्ली ते सगळे माझ्या नावानं बोटं मोडत होते. एका स्थानिक पत्रात बातमी आली. तिच्यात माझं पूर्ण नाव होतं, अधिकाऱ्याचं नव्हतं.

मी कचेरीत आवाज चढवला. नको होता चढवायला. त्यानंतर माझी तारीख सारखी पुढे जाऊ लागली. सात-आठ महिने गेल्यावर मी तायडेंकडे गेलो. तोवर गेलो नव्हतो, कारण पोलिसांच्या माणसाचं तोंड पाहायची माझी इच्छा उरली नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लाकडाआड कोन्ता नंबर निघाला?" त्यांनी विचारलं.

"शेवटी अठ्ठेचाळीस."

त्यांच्या हातात कानस होती, ती त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "रविवारी येतो अकोल्याले. कोनाले सांगू नका."

रविवारी ते धोतर-सदऱ्यात आले आणि मला जठारपेठेत एका घरी घेऊन गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तायडे अकोल्याच्या शस्त्रागारात नवे शिपाई होते, तेव्हा तिथले हेडक्लार्क असलेले गृहस्थ तिथे राहत. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. नाव लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं अजून शहरात आहेत.

बडे बाबूंनी मला खुर्ची दिली आणि तायडेंकडे पाहून म्हणाले, "काय रे सुखदेव, किती वर्षांनी!" तायडे क्षणभर उभे राहिले आणि मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. बडे बाबूंनी ते पाहिलं.

"बाबूजी, एकतीस अन् अठ्ठेचाळीसची गोष्ट आठवते तुमाले?" तायडेंनी विचारलं.

"कसली गोष्ट?"

"दोन्ही नादुरुस्त होते. एकतीसचा सांगाडा तडकला होता, अठ्ठेचाळीसची नळी फुगली होती. साहेबाची तपासनी आली. तुमी म्हनाले, उद्या एक तरी चालू पाहिजे. मी एकतीसची नळी अठ्ठेचाळीसवर बसवली. तुमाले येऊन सांगितलं."

"मला नाही आठवत बुवा."

"तुमी म्हनाले, दोन मोडक्यांचं एक चांगलं झालं, वर कागद कशाला वाढवतो?"

बडे बाबू हसले. "सुखदेव, मी आता सत्तरीला आलो. रजिस्टरात जे आहे ते खरं. तुझ्या हातात तेव्हा पान्हा होता, पेन नव्हतं. रजिस्टर तुला काय ठाऊक?"

"तेच म्हन्तो, बाबूजी," तायडे म्हणाले. "मी म्हनालो होतो, मी लिवतो. तुमी म्हनाले, रजिस्टराले हात लावू नको."

चहा आला, पण एकच कप आला. मी तो तसाच ठेवला आणि उठलो. एवढी एक गोष्ट मी त्या दिवशी बरी केली.

रस्त्यावर त्यांनी मला उरलेलं सांगितलं. जुळवलेलं रिव्हॉल्वर चांगलं चाललं. मागे उरलेलं, फुगलेल्या नळीचं आणि तडकलेल्या सांगाड्याचं रिव्हॉल्वर पंचांनी मोडलं आणि नळीवरचा नंबर पाहून अठ्ठेचाळीस नष्ट असं लिहिलं. लाकूड काढून पाहायचं कोणाला सुचलं नाही. एकतीस म्हणून जे पुढे चाललं त्याचं निम्मं अंग अठ्ठेचाळीसचं होतं. तेच मी लिलावात उन्हाकडे धरलं होतं.

मला एकाच वेळी राग आला आणि हायसंही वाटलं. "मग साहेबांना सांगा ना!" मी ओरडलो. "सुटलो मी!"

"माह्या तोंडावर कोन इश्वास ठेवन? लिवलेलं पाहिजे."

"आणि लिहिलेलं नाही."

खोटं बोलायची ती त्यांना उत्तम संधी होती. मी असतो तर सोडली नसती. ते दहा-बारा पावलं चालले, मग म्हणाले, "आहे."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या पोलीस लाइनीतल्या खोलीवर गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याची पेटी. पेटीच्या तळातून त्यांनी पांढऱ्या फडक्यात बांधलेली वही काढली. शाळेतली, चाररेघी. रजिस्टरात लिहू देत नाहीत म्हणून या माणसानं पहिल्या वर्षापासून आपलं रजिस्टर घरी ठेवलं होतं. ज्या ज्या हत्याराला हात लावला त्याचा नंबर, काय मोडलं, काय बदललं, आणि कडेला पेन्सिलीनं काढलेली स्क्रूंची चित्रं. अक्षर पहिल्या पानांवर मोठं, वेडंवाकडं, पुढे पुढे लहान होत गेलेलं. मधल्या एका पानावर होतं : 'नळी ३१ सांगाडा ४८ वर बसवली. सांध्याच्या खाचेत दोन ठिपके मारले. बडे बाबूले सांगितलं.'

मी वहीला हात घातला. त्यांनी ती छातीशी धरली.

"शेट, सरकारी हत्याराची नोंद घरी ठेवली म्हंजे काय होते, माहीत आहे ना? सुट्टी व्हायले आठ महिने राह्यले माहे."

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चुलीजवळ होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "तुमची दुकान बंद झाली तं दुसरी उघडते, शेट. याइची पट्टी निघाली तं कोन शिवून देते?"

मी माझ्या पद्धतीनं घासाघीस सुरू केली. निवृत्तीनंतर माझ्या दुकानात काम देतो, अकोल्यात खोली देतो, वकील देतो. तायडे मान हलवत राहिले. मी म्हटलं, नुसतं ते पान फाडून द्या, कुठून आलं ते सांगत नाही. ते म्हणाले, "पान फाडलं तं वही खोटी होते." माझा माल हातचा जात असला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "धड अक्षर लिहिता येत नव्हतं, तर वही ठेवायची हौस कशाला केली?"

कौसल्याबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. तायडेंनी वही फडक्यात ठेवली, चारही टोकं ओढून गाठ मारली आणि पेटी बंद केली. "चहा तुमच्या पाळीचा होता," ते म्हणाले. "राहू द्या आता."

मी परत आलो तो सगळं संपलं असं धरूनच. वकिलाला सांगितलं की पुरावा नाही.

परवाना स्थगित झाल्यापासून चौदाव्या महिन्यात सुनावणी लागली. अमरावतीच्या कचेरीत, परवान्यांचा निकाल देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ते रिव्हॉल्वर सुतळी-लाखेत बांधून ठेवलेलं होतं. मी आत गेलो तेव्हा भिंतीपाशी तायडे उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर तीन पट्ट्या, काखेत पांढरं फडकं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

माझा वकील बोलायला लागण्याआधीच त्यांनी सलाम ठोकला, गाठ सोडली आणि वही टेबलावर ठेवली. "साहेब, पहिले हे पान वाचा. मंग नळी खोला. सांध्याच्या खाचेत पाहा."

साहेब दूरच्या मुलखाचे, शांत माणूस. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. लाख फोडली, नळी सांगाड्यापासून वेगळी करवली, खाचेतलं तेल पुसायला लावलं आणि भिंग मागवलं. दोन ठिपके होते. नळी उतरवल्याशिवाय दिसले नसते, आणि रिव्हॉल्वर तर वर्षाहून अधिक काळ सीलमध्ये होतं. म्हणजे वही आत्ता बनवलेली नव्हती.

"ही वही कोणी लिहिली?" साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"परवानगी होती?"

"नव्हती."

"मग का लिहिली?"

"रजिस्टरात लिवाची परवानगीबी नव्हती, साहेब. कुठं तरी लिवा लागत होतं."

बाजूला बसलेल्या कारकुनाचं पेन थांबलं. हे लिहायचं की नाही, ते त्याला समजत नव्हतं. साहेब म्हणाले, "लिहा. जसं बोलले तसं लिहा."

माझा परवाना बारा दिवसांनी परत आला. एका ओळीचा कागद. 'स्थगिती उठविण्यात येत आहे.' चौदा महिने माझ्या दाराला लाख होती, माझं नाव पेपरात आलं, आणि त्या कागदावर 'चूक झाली' हे दोन शब्द लिहायला कोणाच्या पेनात शाई नव्हती. मी त्यासाठी सात अर्ज केले. उत्तर आलं नाही. लोक म्हणतात, सोडा आता. मी सोडलेलं नाही.

तायडेंच्या तिन्ही पट्ट्या उतरल्या. पोटाला पुरेल एवढं निवृत्तिवेतन राहिलं, पण हवालदारकीपर्यंत चढलेला माणूस शिपाई म्हणून घरी गेला. ज्या बडे बाबूंनी लिहू दिलं नाही त्यांना कोणी एक पत्रसुद्धा पाठवलं नाही. मी चिडून हे बोलून दाखवलं तेव्हा तायडे म्हणाले, "त्याइनं काहीच लिवलं नाई ना, शेट. पकडते तो लिवनाऱ्याले."

मी त्यांचे आभार मानायला गेलो होतो. आभार मानायची मला सवय नाही. भाव ठरवायची आहे. म्हणून गेल्या गेल्या पुन्हा दुकानातल्या नोकरीचं बोललो.

"तुमच्यासाठी नाई केलं मी ते," त्यांनी मला मधेच तोडलं. "तुमी जे बोलून गेले, त्यापायी तं येनारच नव्हतो. पन रोज सकाळी शस्त्रागार उघडलं की ते रजिस्टर दिसे. खोटं लिवलेलं अठरा वर्षं पाह्यलं. सुट्टी झाल्यावर कोन दाखवते मले ते?"

मग ते म्हणाले, "नोकरी करतो. पन माही एक अट आहे."

"बोला."

"दुकानाचं रजिस्टर मी लिवीन. बंदूक आली, गेली, काय बदललं, सगळं. माह्या हातानं. तुमी हात लावाचा नाई."

आयुष्यात मी समोरच्यानं सांगितलेली पहिली गोष्ट कधी मान्य केली नव्हती. ती केली. त्या दिवशीचा चहा मी पाजला. पाळी माझीच होती.

सहा वर्षं ते दुकानात होते. सरकारी हात सुटल्यामुळे आता बंदूकही स्वतः उघडत आणि माझ्यासमोरच मला शिकवल्याच्या गोष्टी गिऱ्हाइकांना सांगत. रजिस्टर लिहायला बसले की मात्र कोणाशी बोलत नसत. आधी डोळे मिटून अंगठ्यानं नंबर वाचत, मग लिहीत, मग पुन्हा अंगठा लावून लिहिलेल्याशी ताडून पाहत. अक्षर सावकाश आणि मोठं. तपासणीला आलेले अधिकारी म्हणत, असं रजिस्टर विभागात नाही. मी म्हणत असे, विभागातच होतं, तुम्ही लिहू दिलं नाही. तायडे मला डोळ्यांनी दाबत.

एकदा त्यांना मुख्यालयातला एक ओळखीचा शिपाई भेटून गेला. तो गेल्यावर बराच वेळ ते आपल्याशीच हसत होते. मी कारण विचारलं.

"माही वही पुरावा म्हनून मालखान्यात जमा केली ना, तिले नंबर भेटला म्हन्ते. रजिस्टरात लिवलं आहे. 'एक जुनी वही, हस्तलिखित.'" मग स्क्रू पुसता पुसता म्हणाले, "गेली शेवटी रजिस्टरात."

साठचं दशक संपता संपता ते गेले. ताप आला म्हणून तीन दिवस दुकानात आले नाहीत आणि चौथ्या दिवशी कौसल्याबाईंचा निरोप आला. रजिस्टरात त्यांची शेवटची नोंद एका ठासणीच्या बंदुकीची आहे. तिच्यानंतर मी नवं रजिस्टर घातलं. त्यांच्या हाताखाली माझं अक्षर नको, असं मला वाटलं.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. वही परत मिळते का पाहा. मी अर्ज केला. या वेळी उत्तर आलं, आणि लवकर आलं. त्या वर्षीच्या जमा वस्तूंची विल्हेवाट लावली गेली आहे. वहीच्या नंबरापुढे शेरा आहे, 'पंचांसमक्ष नष्ट.'

मी तो कागद कौसल्याबाईंना वाचून दाखवला आणि सांगितलं की दुसरा अर्ज टाकतो आहे. त्या म्हणाल्या, "शेट, नष्ट झाली म्हन्तात ना ते. मंग काहून?"

मी त्यांना सांगितलं ते असं, की त्याच कचेरीच्या रजिस्टरात, त्याच शब्दांत नष्ट केलेली एक वस्तू मी स्वतःच्या हातानं विकली आहे, आणि तिच्यापायी मी चौदा महिने घरी बसलो आहे. ती चांदूर बाजारला देशमुखांच्या कपाटात परत गेली आहे. तेल लावलं तर उडतेही. तशी ही वहीसुद्धा, मी स्वतः लाकूड काढून पाहीपर्यंत, माझ्या लेखी नष्ट झालेली नाही.

अर्ज चालू आहेत. वर वहीचा नंबर लिहितो, खाली माझी सही.